खडूची केबिन

अशी कल्पना करा, बाळांनो, की तुमच्या हातात एक खडू आहे. उठा, आणि फरशीवर एक चौकोन काढा. दोन बाजूंना दोन पलंग, पायथ्याशी कपाट, मध्ये अंग चोरून जाता येईल एवढीच वाट. जमलं? या आत. सांभाळून हं, पाय पुसून. ही झाली छोट्या बोटीवरची केबिन.

मी तेव्हा सहलींच्या ऑफिसात काम करायचे. माहितीपत्रकातल्या फोटोत कुठलीही खोली दिवाणखान्याएवढी दिसते. म्हणून मी गिऱ्हाइकाला फोटो दाखवतच नसे. खुर्च्या बाजूला सारायच्या, केबिन आखायची आणि म्हणायचं, "राहून बघा."

एका दुपारी तो आला. पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला, बरोबर छोटी भाची. आई-बाबांना समुद्राची सफर घडवायची होती त्याला.

"मोठं जहाज की छोटी बोट?" मी विचारलं.

"फरक काय?"

"मोठं जहाज म्हणजे अख्खं गाव. चुकामूक झाली की बसा शोधत! ही बोट चिमुकल्या बंदरांतसुद्धा शिरते, सगळे एका टेबलाशी जेवतात. आणि तिकिटातच सगळं आलं. जेवणखाण, चहा-कॉफी, किनाऱ्यावरच्या सहली..."

"म्हणजे एखाद्याला कुणाला चहा पाजायचा असेल, तर—"

"पाजताच येणार नाही. तिथे सगळ्यांनाच फुकट."

"मग तो इथेच पाजलेला बरा," तो म्हणाला, आणि घाईघाईने चष्मा पुसू लागला.

भाची एव्हाना खडूच्या पलंगावर आडवी झाली होती. "मावशी, आजोबा घोरतात. मामापण घोरतो."

"अगं ए!" मामा कानापर्यंत लाल.

"घोरू देत की. इंजिनही घोरतं. बघू कोण हरतंय."

हसता हसता मी सांगून टाकलं, की या बोटीची एकच केबिन उरलीये. ती भरली की बोट निघणार, आणि या सफरीपासून पुढे वर्षभर पाहुण्यांची व्यवस्था बघायला मीही बोटीवर जाणार. "इतकी वर्षं लोकांना समुद्र विकतेय, पण माझे स्वतःचे पाय अजून कोरडेच!"

त्याचं हसू जरासं विझलं. "विचार करून सांगतो," तो म्हणाला.

आणि मग तो येतच राहिला. कधी आईची बॅग कुठे मावेल हे बघायला, कधी खिडकी कुठल्या बाजूला ते विचारायला. एकदा तर चक्क मोजायची टेप घेऊन आला. मी दर वेळी नव्याने केबिन आखायचे. वळताना कोपराला कोपर लागायचं.

"माफ करा... जागा लहान आहे," मी म्हणायचे.

"मी कुठे तक्रार केलीये?"

अजूनही कुठल्या वर्गात खडूचा वास आला, की मी क्षणभर अंग चोरून उभी राहते.

शेवटी मालकांनी सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत केबिन गेली नाही तर सफर रद्द. तो भाचीला घेऊन आला, ती लगेच खडूच्या पलंगावर आडवी झाली. मी त्याला सरळच विचारलं, "तुमच्या आई-बाबांना जायचंय की नाही?"

"ते तर बॅगा भरून बसलेत," तो हळूच म्हणाला. "नको आहे, ते मलाच."

"का?"

"ही खोली भरली, की तुम्ही जाणार."

बाहेरून वाऱ्याची झुळूक आली. नकाशाचा कोपरा फडफडला.

"आणि नाही भरली तर?" मी कशीबशी म्हणाले.

"तर तुम्ही इथेच. रोज दुसऱ्यांचे समुद्र आखत..." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "तेही मला बघवणार नाही. द्या पेन."

त्याने सही केली. अक्षर पार वाकडं आलं.

"जाऊन या," तो म्हणाला. "मी वाट बघेन. म्हणजे... तुम्हाला चालणार असेल तर."

"वर्ष मोठं असतं हो."

"असू दे. लांबचं नीट दिसावं, हाच तर धंदा आहे माझा."

मला एकदम हसूही आलं आणि रडूही. "चालेल," मी म्हणाले. इतकं हळू, की त्याला ऐकायला पुढे वाकावं लागलं. आणि त्या एवढ्याशा केबिनमध्ये पुढे वाकायला जागा कुठे होती?

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वाजतच राहिला. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मग भाची उठली. माझ्या खुर्चीवर चढून बसली, फ्रॉक नीट केला, दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाली,

"मामी बोटीवर चाललीये. ती येईपर्यंत तिच्या जागी मी आहे. बोला, काय हवंय?"