म्हैसमाळच्या चढावर

लाईट यायची तेव्हा येईल, मोबाईल ठेवा बाजूला. तुम्ही पोरं गाडी घेऊन डोंगरात मुक्कामाला निघालात, म्हणून सांगतो. ऐकीव नाय हे. इथं उस्मानपुऱ्यात माझ्या भिंतीला भिंत लागून धम्मपाल राहतो ना, त्याच्यावर गुजरलेलं आहे. त्यानंच मला सांगितलं.

धम्मपाल शेंद्र्याला कंपनीत फिटर. त्यानं एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या, मागं गादी टाकली, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. चाकावरचं घरच म्हणा. सगळं लेकीसाठी. मोनाली लहान, आणि तिला दमा. उन्हाळ्याच्या धुळीत रात रात तिची छाती शिट्टीगत वाजायची. धम्मपाल उशाशी बसून ऐकत राहायचा. डोंगरावर थंड हवेत पोरगी सुखानं झोपेल, एवढीच त्याची आस.

मागच्या साली बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली. दुपारी खीर खाऊन तो, बायको विशाखा आणि मोनाली म्हैसमाळला निघाले. खुलताबादला चहा घेतला, तवर आभाळ कोरडं ठणठणीत. वरच्या चढाला लागले अन् दिवस मावळतीला आभाळ काळं होऊन वारं सुटलं. असं वारं, की गाडी हलायला लागली. पुढ्यात एक झाड कडाडून आडवं झालं. धम्मपालनं ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. गाडी उतारावर मागं सरकायला लागली.

"विशाखा, खाली उतर! चाकाला धोंडे लाव!"

हँडब्रेक ओढून तोही उतरला. दोघांनी अंधारात चाचपडत चाकांमागं धोंडे लावले. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. मोबाईल भिजून बंद पडला. दोघं कसेबसे आत शिरले, दार ओढून कडी लावली. विशाखा गादीवर गेली, चाचपून लेकीला मांडीवर घेतलं. धम्मपाल पुढं बसून चावी फिरवत राहिला. गाडी काही केल्या चालू होईना, आतला दिवाही लागेना.

"दम्याचा पंप दिला का तिला?"

"देते... पण अहो, धाप थांबलीय तिची. शांत झोपली."

धम्मपाल मला म्हणतो, मामा, मला तेव्हा रडूच आलं. बरं वाटलं म्हणून.

मग दारावर थाप पडली.

हळू. खालच्या बाजूला.

"पप्पा..."

धम्मपालनं चावी सोडली.

"पप्पा... दार..."

"खोलू नका," विशाखा कुजबुजली. "मोनू माझ्याजवळ आहे. खोलू नका अहो."

धम्मपाल दारापाशी गेला. कान लावला. वर पत्र्यावर गारांचा मारा. पण त्यातूनही ऐकू आलं त्याला. शिट्टी... श्वास आत जाताना बारीक, बाहेर येताना लांब. किती रात्री ऐकलेली ती शिट्टी.

ती बाहेर होती.

"विशाखा... तिचा श्वास चालतोय का?"

"चालतोय."

"वाजतोय का?"

विशाखानं मांडीवर कान टेकवला.

"विशाखा!"

"थंड आहे... लई थंड आहे हो..."

बाहेरची थाप थांबली. शिट्टी बारीक होत चालली. धम्मपालचा हात कडीवर. विशाखानं मागून त्याचा सदरा धरला. "नका... माझी लेक इथं आहे... तुम्हाला माझी शपथ..."

त्यानं कडी काढली.

पोरगी आत कोसळली. भिजलेली, अंगात ताप. ओठ निळे. वीज चमकली. त्या उजेडात त्यानं तिचा चेहरा बघितला. मोनाली. मागं वळून बघितलं. विशाखाच्या मांडीवर नुसती चादर. आणि तिचा हात अजून थोपटत होता...

पंप तोंडात दिला. एकदा. दोनदा. शेवटी छाती हलली.

"तुम्ही उतरले... म्हणून मी पण उतरले," मोनाली म्हणाली. "तुम्ही दार का लावलं, पप्पा?"

धम्मपालनं तिला छातीशी धरलं.

रातभर दोघांनी तिला मधे धरलं. कुणी झोपलं नाय. उजाडल्यावर खालच्या वस्तीतले लोक ट्रॅक्टर घेऊन आले, झाड बाजूला केलं. पोरगी दवाखान्यात चार दिवस राहिली अन् वाचली. तुम्ही बघता तिला, गल्लीत सायकल फिरवते.

पण दवाखान्यात विशाखा स्वतःचे केस विंचरायला बसली, तेव्हा फणी अडकली. कानामागं एक बारीक वेणी होती. लहान लेकरानं आईच्या मांडीवर पडल्या पडल्या घालावी तशी, वाकडीतिकडी. टोकाला गवताची काडी बांधलेली. मोनालीला वेणी घालता येत नाय. तिचेच केस बॉयकट.

धम्मपाल कात्री घेऊन आला.

विशाखानं कापू दिली नाही. अंबाड्याखाली आहे अजून.