दोन इंच गेले कुठे?

"अहो काका, नीट बघा ना! मी पुरता पन्नास इंचांचा आहे!" पाण्याच्या घसरगुंडीपाशी ठेंगू टाचा उंचावून ओरडत होता.

"पाय टेक आधी," तिकीटवाले काका म्हणाले. "रेघ पन्नास इंचांवर आहे आणि तुझं डोकं तिच्या दोन इंच खाली. पुढच्या सुट्टीत ये!"

"पण आईनं कालच मोजलंय मला!"

ताई पोट धरून हसायला लागली. मधला भाऊ मात्र हसेना. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका, म्हणून त्याचं नावच शंकासूर पडलं होतं.

"घरी पन्नास आणि इथे अठ्ठेचाळीस? ठेंगू एका रात्रीत आटला की काय?"

"मी काय लोकरीचा स्वेटर आहे?" ठेंगू फणकारला.

"तसं नाही रे! रेघ तरी चुकली असेल, नाहीतर आईची टेप!"

हे ऐकलं आणि ताईचं हसू मावळलं. त्याच टेपनं तर आई गिऱ्हाइकांची मापं घ्यायची! तिघांनी सायकली थेट घराकडे पिटाळल्या.

बाहेरच्या खोलीत आई शिवणाचं मशीन पुसत होती. शेजारी बँडपथकाच्या लाल कोटांचा ढीग पडला होता. "हे कोट आहेत की तंबू?" असं म्हणून बँडमास्तर सकाळीच ते आपटून गेले होते. त्याआधी दोन गिऱ्हाइकंही अशीच फणफणत गेली होती.

"माझ्या हातातलं कसबच गेलं गं," आई म्हणाली. "आता लोकांचं कापड नासायचं नाही. मशीन विकून टाकतेय, न्यायला माणूस येतोय."

मशीनशिवाय आई? छे! ताईनं झटकन एक कोट उचलला. "आई, हा कुठे सैल झालाय?"

"छातीत दोन इंच. बाहीही दोन इंच लांब. उंचीही तेवढीच जास्त. सगळ्या कोटांची हीच कथा!"

"सगळीकडे दोनच?" शंकासूर उडालाच. "हात चुकला असता तर कुठे एक, कुठे तीन झालं असतं! आई, अंगाचं माप तू टेपनं घेतेस. मग कापड कशानं आखतेस?"

"लाकडी पट्टीनं. का रे?"

उत्तर द्यायला थांबतोय कोण! ठेंगूनं टेप पट्टीला लावून धरली. पट्टीवर बारा होते तिथे टेपवर चौदा! ताईनं टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं. पत्र्याच्या टोपीनंतर पहिलाच आकडा होता तीन!

"एक आणि दोन कुठे पळाले?" ठेंगू किंचाळला.

एवढ्यात पावाची लादी घेऊन बाबा स्वयंपाकघरातून आले. बाबा गणिताचे शिक्षक. घरात घास गिळायचा तरी आधी गणित सोडवावं लागे. "हं, सांगा! एका लादीचे पाच जणांत..."

"बाबा, ही टोपी कुणी बसवली?" ताईनं विचारलं.

"मीच!" बाबांची छाती फुगली. "टोक पार कुरतडलं होतं. सफाईनं कापलं आणि टोपी परत ठोकली. कुणाला पत्ता तरी लागला का?"

"कापलं किती?" तिघं एका सुरात ओरडली.

"असेल दोनेक इं..." बाबांचा चेहरा खाडकन उतरला.

"अहोऽऽ!" आई ओरडली आणि हसता हसता रडायलाच लागली. "म्हणजे माझे हात धडधाकट आहेत! मला वाटलं, सगळं संपलं!" तिनं तिघांना एकदमच कवेत ओढलं.

दारात टेम्पो थांबला. "मशीन कुठंय, बाई?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"विकायचं नाही! माझ्या पोरांनी वाचवलं!"

सगळी हकिकत ऐकून टेम्पोवाला मनापासून हसला. "खेप फुकट गेली, पण पोरं लाख मोलाची हो तुमची!"

बाबा हळूच घसा खाकरून म्हणाले, "तर मुलांनो, एका कोटाला अर्धा तास, तर..."

"तोंडी गणित पुरे!" आईनं कोटांचा ढीग त्यांच्या मांडीवर टाकला आणि हातात बारीक कात्री दिली. "आता प्रात्यक्षिक! सगळे कोट तुम्हीच उसवायचे!"

बाबांनी मुकाट्यानं पहिली शिवण उसवायला घेतली, आणि आईनं मशीनमध्ये दोरा ओवला.