मेनूत झळकलेलं नाव

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या बाजारात त्या शनिवारी एकच खुर्ची रिकामी होती, माझ्यासमोरची. क्रिसांतो नावाच्या एका अनोळखी पोराने न विचारता तिथे आपला बॅचॉयचा, म्हणजे नूडल्सच्या सूपचा, वाडगा ठेवला आणि वाफाळता रस्सा थेट माझ्या वहीवर!

"सॉरी... नाव काय तुझं?"

"आधी वही पूस. मग नाव."

त्याने पुसली. मी सांगितलं – लुनिंग. आणि सोमवारी हाच बावळट आमच्या ऑफिसात नवा प्रोग्रामर म्हणून हजर! विणकर बायांच्या नक्षी साठवायचा प्रोग्राम तो लिहायचा, आणि मी तो नीट बांधून, आयकनसकट, लोकांच्या मशीनवर पोचवायची. आठ महिने रोज माझ्यासाठी गरम पांदेसाल पाव आणला त्याने. पण मनातलं? एक अक्षर नाही! मला दूरच्या सिबू शहरातल्या कंपनीचं नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा म्हणाला, "अभिनंदन." मेला! आज दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी 'हो' लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं.

सकाळी मियागाओ गावी, विणकरांच्या हॉलमधल्या मॅकवर, मी प्रोग्राम उघडला. खिडकीवर नाव बरोबर – 'हाब्लोन', त्यांच्याच कापडाचं. पण वर, मेनूत, ठळक अक्षरांत...

'लुनिंग'.

मी हादरलेच! त्यावर दाबलं तर आणखी कहर – 'लुनिंगविषयी', 'लुनिंग लपवा', 'लुनिंग बंद करा'. आणि वीस बाया भिंतीवरच्या पडद्याकडे टक लावून!

"अगं, हे तर तुझं नाव!" त्यांची म्होरकी, मानांग पासिंग, ओरडली. "कापड आमचं आणि नाव तुझं होय गं?"

मी सोबत आलेल्या क्रिसांतोकडे वळले. तो पांढराफटक!

"म्हणजे... काम चालू असताना काहीतरी नाव द्यावं लागतं ना. खिडकीवरचं बदललं मी. पण मेनू आतल्या माहितीच्या फाइलमधून नाव उचलतो. ती... राहिली."

राहिली म्हणे! आणि मी ती न वाचताच आत बांधली, कारण माझं मशीन मॅक नाही, त्यावर मेनूत प्रोग्रामचं नाव दिसतच नाही. मी फाइल उघडली. बनवल्याची तारीख पाहिली. आमच्या पहिल्या सोमवारची!

"पहिल्याच दिवशी?"

"शनिवारीच ठरलं होतं," तो पुटपुटला. "वही पुसताना."

"मग आठ महिने तोंडाला काय कुलूप होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस, तर रोज समोर कसा बसलो असतो?"

"अरे, बोलून टाक एकदाचं!" मानांग कडाडली. "आम्हाला नक्षी बघायच्यात!"

"लुनिंग... तू मला आवडतेस. फार. जाऊ नकोस ना."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी फाइलमधलं नाव बदललं, प्रोग्राम पुन्हा बांधला, उघडला. मेनूत 'हाब्लोन'. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग फोन काढला आणि सिबूला लिहिलेलं 'हो' त्याच्यासमोरच पुसून टाकलं.

तो हळूच जवळ आला. "माझ्या मशीनवर अजून तुझंच नाव आहे. तेही बदलू का?"

"हात तर लावून बघ!"