डॉक्टरांच्या गाडीचं ऑइल

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. मी स्वतः फिटर आहे. नट-बोल्टवर विश्वास ठेवणारा माणूस. कोणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं, की आधी मीच टिंगल करायचो.

वार रविवार. वेळ दुपारी चारची. जागा, आमच्या घराला लागून असलेलं पत्र्याचं गॅरेज. अंधार नव्हता, वारा नव्हता. शेजारी कोणीतरी सायकल धूत होतं.

आधी थोडं मागचं सांगतो.

माझं काम वेगवान गाड्यांचं. नवी इंजिनं, ताशी दोनशेच्या वर पळणारी. बायको स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असते. आमची ओळख तिथलीच. एका गिऱ्हाइकाच्या पन्नास वर्षं जुन्या गाडीसाठी मी सगळ्यात महागडं सिंथेटिक ऑइल मागितलं होतं. तिने डबा काढलाच नाही.

"गाडी किती सालची?"

मी सांगितलं.

"मग हे पाण्यासारखं ऑइल कशाला नेताय? जुने सील आहेत, गळेल. टॅपेट घासतील. दाट वीस-पन्नास ग्रेडचं न्या, जस्त जास्त असलेलं. महाग म्हणजे चांगलं, हे इंजिनाला कळत नाही."

मी तिथेच गार झालो. वर्षभरात लग्न झालं.

ते शेवटचं वाक्य तिच्या पहिल्या नवऱ्याचं, हे मला लग्नानंतर कळलं.

लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. जुन्या गाड्यांचे मिस्त्री. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आजार सांगायचे. चाळिशीत छातीत कळ आली आणि गेले. मागे राहिली ही, आणि त्यांची गाडी. सहा सिलिंडरची, गडद हिरवी. भंगारातून आणून त्यांनी बारा वर्षं खपून उभी केलेली.

घरात रोज त्यांचा विषय. "ते असं करायचे." "ते म्हणायचे..."

गेलेला माणूस 'ते'. आणि मी, समोर बसून जेवणारा, 'तू'.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो नव्याने चुकतही नाही. मी आतल्या आत जळत होतो.

तर त्या रविवारी ती म्हणाली, "गाडीचं ऑइल बदलून देशील? चार वर्षं तेच आहे. डबे आणून ठेवलेत. तेच घाल हं, वीस-पन्नास."

"मला शिकवतेस?" मी म्हणालो.

"तसं नाही रे. ते फार जपायचे, म्हणून..."

झालं. माझं डोकं फिरलं.

मी जुनं ऑइल काढलं. तिने आणलेले डबे टायरांच्या मागे दडवले, सील न तोडता. आणि वर्कशॉपमधून आणलेलं, रेसच्या गाडीत जातं ते पातळ सिंथेटिक त्या म्हाताऱ्या इंजिनात ओतलं. अजाणता नाही. आठवडाभरात गाडी गळायला लागेल, महिन्याभरात टॅपेट वाजायला लागतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला तेच हवं होतं. गाडी एकदाची विकून टाकू, असं तिनेच म्हणायला हवं होतं.

"तेच घातलंस ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

गॅरेजला कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात. दुसरी किल्ली नाही.

सोमवारी कामावरून आलो. तडक गॅरेजमध्ये गेलो. गाडीखाली कागद पसरून ठेवला होता, किती गळतं ते बघायला.

कागद कोरडा.

बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, ओढली...

तिच्यावर ऑइल होतं. पण माझं नव्हतं.

मधासारखं दाट. बोटांत चोळलं तर तार धरत होतं. असलं ऑइल पाण्यासारखं होऊ शकतं, पाण्यासारखं ऑइल असं होत नाही. वीस वर्षं हाच धंदा करतोय, मला शेंबड्या पोराइतकं तरी कळतं.

मी टायर बाजूला सारले.

डबे तिथेच होते. रिकामे. आतून निथळून स्वच्छ, झाकणं घट्ट लावलेली. बाजूला एक फडकं, चार घड्या घालून ठेवलेलं. मी फडकी गोळा करून फेकतो. घडी घालायची सवय मला नाही.

तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. तिनेही डिपस्टिक बघितली, बोटावर ऑइल घेतलं. चेहरा उजळला.

"वा. अगदी त्यांच्या हातचं काम वाटतंय."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, वाटली नाही. वाटला तो राग. माणूस मेला तरी कामात मला मागे टाकतो. आणि वर माझ्या बायकोकडून शाबासकी घेतो.

पुढच्या रविवारी ती दुपारची झोपली होती. मी गॅरेजमध्ये शिरलो. या वेळी ऑइल बदलायला नाही.

इंजिन मारायला.

ऑइल सोडायचा खालचा नट काढला. सगळं ऑइल ट्रेमध्ये येऊ दिलं, शेवटच्या थेंबापर्यंत. नट खिशात टाकला. खाली भोक तसंच उघडं. मग सीटवर बसलो आणि किल्ली फिरवली.

ऑइल नसलेलं इंजिन फार जगत नाही. आधी खडखडतं, मग किंचाळतं, मग जाम. मी तो आवाज ऐकायला कान टवकारले...

एक मिनिट. दोन. पाच.

आवाजच नाही.

म्हणजे इंजिन चालू होतं. पण इतकं गोड, की मी हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकत होतो. समोर ऑइल प्रेशरचा काटा हळूहळू वर चढला. बरोबर मध्यावर येऊन थांबला.

मी उतरून खाली वाकून बघितलं. भोक उघडं. ट्रे भरलेला. वरून एक थेंब पडत नव्हता.

हात आत घालून मी किल्ली बंद केली. बाहेर काढली.

इंजिन चालूच...

तापलेलं जुनं इंजिन कधीकधी किल्ली काढल्यावर दोन-चार ठोके मारतं. मीही ठोके मोजत उभा राहिलो. मग मोजायचं सोडलं.

बॉनेट वर होतं. इंजिनावर हात ठेवावा, असं का वाटलं सांगता येत नाही. ठेवला. दहा मिनिटं चाललेलं इंजिन चटका देतं. हे कोमट होतं. माणसाच्या अंगाएवढं.

आणि माझ्या हाताच्या पाठीवर... दुसरा हात आला.

दिसला नाही. पण वजन होतं. बोटं खरखरीत, फिटरची. दाबलं नाही, ओढलं नाही. नवशिक्याचा हात चुकीच्या जागेवरून उचलून बाजूला ठेवावा, तसा माझा हात त्याने अलगद बाजूला केला.

तेवढ्यात घराच्या दारातून बायकोचा आवाज आला. झोपेतून उठलेला, जड, हसरा.

"अहो, झालं का?"

तिने मला आजवर कधी 'अहो' म्हटलेलं नाही.

इंजिन बंद झालं.

ती गॅरेजमध्ये आली. भरलेला ट्रे बघितला. माझ्या हातातली किल्ली बघितली. मग थोडा वेळ ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही.

मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पातळ ऑइल, दडवलेले डबे, आजचा नट. रडलोसुद्धा. ती तमाशा करेल, माहेरी जाईल, अशी तयारी मनात केली होती.

ती एवढंच म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"नट लाव आधी. सांडेल," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी मी नवं वीस-पन्नास आणून माझ्या हाताने भरलं. एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. एका मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, नटाच्या तोंडाशी गाळ अडकला असेल, पंपात ऑइल राहिलं असेल. असेल. मीही स्वतःला तेच सांगतो. कधीकधी पटतंही.

याला आता दोन वर्षं झाली. गाडी विकलेली नाही. मी तिला हात लावत नाही. तिचं ऑइल कोण बघतं, ते मी विचारत नाही. गळती नाही, आवाज नाही.

आमचा संसार बरा चाललाय. बायको माझ्याशी प्रेमानेच वागते, तक्रार करायला जागा नाही. फक्त रविवारी जेवण झालं, की ती गॅरेजमध्ये जाते आणि गाडीत बसते. तासभर. गाडी बाहेर काढत नाही. पहिल्यांदा मी विचारलं, येऊ का. ती म्हणाली, "तू पड जरा."

आज रविवारच आहे. मघाशी ती गेली. तिचा फोन इथे माझ्यासमोर टेबलावर आहे. गाडीत रेडिओ नाही, कधीच नव्हता.

पत्र्याच्या भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येतंय. मधेच थांबते. कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

मग पुन्हा हसते.

माझ्याशी बोलताना ती अशी हसत नाही.