तारानची वादी

“थांब... मागच्या डाव्या पायाची नाल हललीय त्याची.”

आवाज पाठीमागून आला आणि नेस्ताच्या काळजात चर्र झालं. नेमकी आजच? एप्रिलचा शेवटचा शनिवार, तेइवी नदीकाठच्या मैदानात भुरभुर पाऊस... आणि अर्ध्या तासात सगळे वळू घोडे गावच्या मोठ्या रस्त्यावरून धावणार होते. आपल्या घोड्याला, तारानला, धरून धावायचं होतं तिनंच.

गेल्या वर्षी याच मिरवणुकीत तारान बुजला आणि बाबांचा गुडघा कायमचा गेला. “यंदा आवरला नाही, तर त्याला देऊन टाकणार मी,” बाबांनी अख्ख्या गावादेखत सांगितलं होतं. आईविना शिंगराला बाटलीनं दूध पाजून तिनंच वाढवलं होतं, पण बाबांपुढे कोण बोलणार!

मागून नालेबद्दल बोलणारा नालबंद होता. कातडी एप्रन, ओले केस. त्यानं खूर उचलून हातोडीनं दोनदा टकटक केलं. उगाच जास्त वेळ लावतोय, असं तिला वाटलं.

“मी इओलो. पुलापलीकडची भट्टी माझी.”

“मी नाव विचारलं का?”

“नाही ना, म्हणूनच सांगितलं. हात थरथरतायत तुझे.”

“गारठा आहे.”

“घोड्याला सांग ते. त्याला पटलं तर मलाही पटेल.”

तिला हसू आलं. जाता जाता तो हळूच म्हणाला, “लगामाची वादी हाताला गुंडाळू नकोस हं...”

हे काय तिला ठाऊक नव्हतं? घोडा उधळला की वादी गुंडाळलेला हात सुटत नाही, माणूस फरपटत जातं. बाबांनी सर्वांत आधी शिकवलेला धडा तो.

पण रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि धडा पार विसरला. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, बापांच्या खांद्यांवर चिमुरडी पोरं. वादी ओली, निसरडी. निसटली तर हा थेट त्या पोरांत घुसेल! धावता धावता तिनं एक वेढा घेतला. मग दुसरा.

फट्कन एक लाल छत्री उघडली. तारान मागच्या पायांवर उभा राहिला, तिचा खांदा हिसकला, टाचा जमिनीवरून सुटल्या. चौकात काठी टेकून उभ्या बाबांचा पांढराफटक चेहरा तिला दिसला.

“नेस्ता!” हाक मात्र इओलोची होती.

तारान खाली आला तेव्हा त्याच्या पलीकडच्या बाजूनं इओलो धावत होता.

“धर ना वादी!” ती रडकुंडीला आली.

“मी धरली तर घोडा गेला तुझा. तूच सोड. एक वेढा.”

“निसटेल तो...”

“तू ओढतेयस, म्हणून घाबरलाय. मी आहे इथे. सोड.”

तिनं एक वेढा सोडला. मरणाची भीती वाटत होती... तरी दुसराही सोडला. उघड्या तळव्यावर वादी सैल पडली. “चल रे बाळा,” ती पुटपुटली. तारानचा कान तिच्याकडे वळला, मान खाली आली आणि टापा एका तालात पडू लागल्या. चौकातून जाताना बाबांनी तिला मान देत डोक्यावरची टोपी काढली.

मैदानात परतल्यावर इओलो मटकन ओल्या गवतावर बसला. 

“माझं नाव तुला कसं ठाऊक?” तिनं विचारलं.

“गेल्या वर्षी तुझ्या बाबांना दवाखान्यात नेलं, तेव्हा तू याच्या गळ्यात पडून रडत होतीस. मी विचारून घेतलं.”

“आणि वर्षभर गप्प?”

“भीती वाटायची गं.” त्यानं नजर खाली घातली. “आणि ती नाल... हललीच नव्हती.”

“मेल्या! नुसत्या धास्तीनं जीव गेला असता माझा!” ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला रडू फुटलं.

त्यानं हात पुढे केला. वादीचे लाल वळ उठलेला आपला हात तिनं भीतभीतच त्यात ठेवला.

“सैल धरायचा ना?”

“घोड्याला सैल,” तो म्हणाला. “मला... दोन वेढे.”

तिनं त्याची बोटं घट्ट धरली.