तपासनिसाचे हितसंबंध

माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या बुटांशी. बाकीचा तो कमरेपर्यंत हिरव्या कचराडब्यात होता.

सराव स्पर्धा आटोपून स्टेडियम रिकामं झालं होतं. बारीक भुरभुर चालू होती.

“अहो, तो ओल्या कचऱ्याचा डबा आहे,” मी म्हटलं. “त्यात माणसं टाकायची नाहीत.”

“मग मी कुठल्या डब्यात जाऊ?” आतून आवाज आला.

“ते तपासून सांगावं लागेल.”

तो बाहेर आला. केसांत केळ्याची साल, हातात चहाचा पेला. “पेला कुजणारा आणि झाकण प्लास्टिकचं,” तो म्हणाला. “आत सगळी झाकणंच झाकणं आहेत. आणि हो... उद्यापासून मी तुमचा तपासनीस.”

म्हणजे आमचा निकाल याच्याच हातात. आम्ही अख्ख्या जगाला शब्द देऊन बसलो होतो, की धावण्याच्या या जागतिक स्पर्धेचा जवळजवळ काहीही कचरा डेपोत जाणार नाही. बाहेरच्या तपासनिसानं तसं सांगितलं, तरच दारावरची ‘हरित स्पर्धा’ ही पाटी राहणार. नाहीतर पाटी उतरणार आणि पाटीबरोबर पर्यावरण विभागही. विभाग म्हणजे मी.

तपासणीची रीत साधी. गॅलरीखाली ताडपत्री अंथरायची, डबे ओतायचे आणि समोरासमोर बसून एकेक वस्तू निवडायची.

“एवढी शिकलीस, आणि परक्या माणसाबरोबर कचरा निवडत बसतेस?” आईनं फोनवर विचारलं.

“परका कुठला,” मी म्हटलं, आणि माझी मीच दचकले.

माणसांचा जमाखर्च मी मनात चोख मांडते. याच्या जमेला एवढंच, की माझी चूक दाखवायची झाली की तो आधी चारदा घसा साफ करी. खर्चाला बरंच काही होतं. पण बेरीज दरवेळी जमेकडेच जाऊ लागली, तेव्हा मला हिशेबाचीच शंका आली.

“तुम्ही माझी झाकणं दोनदा मोजताय,” एकदा मी म्हटलं.

“हो.”

“भरवसा नाही?”

“आहे... पण तेवढाच वेळ इथं बसायला मिळतं.”

हातातलं झाकण कुठल्या ढिगात टाकायचं, तेच मला आठवेना.

निकालाच्या बैठकीला साहेब, कॅन्टीनवाले काका, तो आणि मी. निकालाआधी एक प्रश्न विचारायची पद्धत असते: इथल्या कुणाचा तपासनिसाशी काही जवळचा संबंध? सगळ्यांनी हजेरी दिल्यासारखं ‘नाही’ म्हणायचं, की झालं.

“नाही,” साहेब म्हणाले.

“नाही. माझा चहासुद्धा घेतला नाही यांनी,” काका म्हणाले.

मग त्यानं घसा साफ केला. एकदा, दोनदा... चारदा.

“आहे,” तो माझ्याकडे बोट करत म्हणाला. “यांच्याशी. माझ्या बाजूनं. त्यांना कल्पना नाही.”

 

“कल्पना नाही कशी?” काका म्हणाले. “सगळ्या स्टेडियमला आहे.”

“आता पुढं काय?” साहेबांनी विचारलं.

“मी बाजूला होतो. संबंध एकतर्फी असेल, तर माझी मापं चालतील आणि माझ्या वरिष्ठ बाई पाटी मंजूर करतील. दोन्हीकडून असेल तर... दोघांनी संगनमत केलं असं धरतात. मापं रद्द. पुढच्या सराव स्पर्धेला नवा कचरा, नवी तपासणी. तेव्हा काय निघेल, सांगता येत नाही.”

साहेब माझ्याकडे वळले. “बाई, ‘नाही’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.”

दोन अक्षरांचं काम होतं. पाटी राहिली असती, विभाग राहिला असता. मी तोंड उघडलं.

“आहे,” मी म्हटलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. काकांनी शांतपणे स्वतःचा चहा संपवला. सगळ्यात जास्त हादरला होता तो. मी दुसऱ्या नंबरवर.

बाहेर जिन्यात त्यानं मला गाठलं.

“असं का केलंत? वर्षाची मेहनत आहे तुमची.”

“सुरुवात कुणी केली?”

“माझी फक्त एक तपासणी गेली. तुमची नोकरी जाईल.”

“जाईल किंवा राहील. काकांना आत्ताच दम दिलाय, पुढच्या खेपेला चहाच्या पेल्यावर एकही प्लास्टिकचं झाकण नको.”

“वरिष्ठ बाई फार कडक आहेत.”

“असू देत. कचरा माझा खरा आहे. मोजू देत दहादा.”

तो हसला. “नवी तपासणी होईपर्यंत मला स्टेडियमात पाऊल टाकता येणार नाही. भेटायचं कुठं?”

“जिथं एकही कचराडबा नसेल अशा ठिकाणी.”

तो विचारात पडला. अशी जागा त्याला आठवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही. मग आम्ही नुसतेच चालू लागलो. कोपऱ्यावर पहिला डबा लागला तेव्हा त्याची मान आपोआप तिकडे वळली... मी त्याचा हात धरला आणि त्याला पुढं ओढलं.