पहिला उलटा अंगठा

छोटी खालच्या मजल्यावर गेली ती जाऊबाईंचं स्वयंपाकघर आवरायला. जाऊबाई जाऊन पंधरवडा झाला होता. केकचे साचे, क्रीमच्या पिशव्या, सगळं तसंच पडलेलं. दुपारच होती, पण आभाळ भरून आल्यामुळं आत दिवा लावावा लागला.

बाई मोठी गुणाची होती हो! केक करायची आणि त्याचा फोटो वस्तीच्या ॲपवर टाकायची. ऑर्डरींची नुसती झुंबड उडायची. वरच्या मजल्यावर छोटीच्या मात्र पोटात दुखायचं. त्या ॲपवर नापसंतीचा उलटा अंगठा कुणी दाबला ते कळत नसे. झालं! फोटो आला रे आला की पहिला उलटा अंगठा छोटीचा. एकीनं दाबला की बाकीचेही दाबतात. लोकांना काय, मेंढरंच ती. हळूहळू ऑर्डरी आटल्या. "माझ्या हाताची चवच गेली गं," असं छोटीलाच सांगत जाऊबाईंनी ओव्हन बंद केला, अंथरूण धरलं, आणि त्या उठल्याच नाहीत.

साचे पुसताना छोटीचा फोन वाजला. ॲपची सूचना होती. 'आजपासून कुणी काय दाबलं ते सगळ्यांना नावानिशी दिसेल. जुनंसुद्धा.'

तिची पाचावर धारण बसली. थोरले दीर दिवसभर तेच फोटो उघडून बसायचे! त्यांनी बघायच्या आत आपले अंगठे काढून घ्यायला हवे होते. तिनं पहिला केक उघडला. तिचा अंगठा तिथं नव्हताच. दुसरा उघडला... तिथंही नाही. एकाही केकवर नाही. कसं का असेना, जीव भांड्यात पडला.

मागं ओव्हनचं दार हळूच करकरलं. तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"छोटी..." दीर दारात उभे होते, हातात फोन. "हे बघ गं. प्रत्येक केकला पहिला उलटा अंगठा... हिचाच आहे."

"जाऊबाईंचा?"

"नाव तिचंच. आणि वेळ... आत्ताची. तिचं खातं तर मी कधीच बंद केलंय. वेळेचा ॲपचाच काही घोळ असेल." ते मटकन खाली बसले. "तिला स्वतःचंच काही आवडेना झालं होतं, आणि मला पत्ताच नाही. माझंच चुकलं गं... मीच कमी पडलो."

छोटीच्या काळजात चर्र झालं. या देवमाणसाला आयुष्यभर हे ओझं वाहायला लावायचं? नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

"भावोजी, ते अंगठे..."

पुढचा शब्द बाहेर पडेना. तिच्या ओठांवर कुणीतरी तळवा ठेवला होता. मऊ, गार. त्याला व्हॅनिलाचा वास येत होता.